आई-बाबांना घेऊन ॲम्स्टरडॅमहून रॉटरडॅम एका दिवसात जमेल का? की डेल्फ्ट बरं?

जमेल. आणि डेल्फ्टपेक्षा रॉटरडॅमच करा.

तुम्ही लिहिलंय की वडील निवृत्त आहेत, आईचे गुडघे दुखतात, आणि जो तो सांगतोय की रॉटरडॅममध्ये नुसत्या काचेच्या इमारती आहेत, तिथे म्हाताऱ्या माणसांनी काय बघायचं. अगदी हेच मला माझ्या सख्ख्या भावाने ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसले.

माझे बाबा मुंबई बंदरात क्रेन ड्रायव्हर होते. इंदिरा गोदीत ३३ वर्षं, तिन्ही पाळ्या. आम्ही शिवडीला राहायचो, गोदी तशी फार लांब नाही, पण पासाशिवाय ग्रीन गेटच्या आत पाऊल टाकता यायचं नाही. आईने रोज डबा भरून दिला, पण तो कुठे बसून खाल्ला जातो हे तिने कधी पाहिलं नव्हतं. बाबा इथे नेदरलँड्सला माझ्याकडे यायचे ठरले तेव्हा दादाने ठाण्यात बसून सगळा कार्यक्रम आखून पाठवला: केउकेनहॉफची फुलं, गीथोर्नची होडी, झान्से स्खान्सच्या पवनचक्क्या. मी म्हटलं, एक दिवस रॉटरडॅमला नेते, तिथलं बंदर दाखवते. तर म्हणाला, "जन्मभर लोखंड आणि ग्रीस बघितलंय त्यांनी. आता तरी त्यांना काही चांगलं दाखव." त्यावरून आमचं चांगलंच वाजलं.

आम्ही हळू गाडीने गेलो, लायडन, हेग, डेल्फ्ट करत. साधारण सव्वा तास लागतो. स्किपोल विमानतळावरून जाणारी इंटरसिटी डायरेक्ट पाऊण तासाच्या आतच पोचवते, पण तिला जादा पैसे पडतात. शिवाय बाबांना खिडकी हवी होती. (डेल्फ्ट स्टेशन जमिनीखाली आहे, गाडीतून गाव दिसत नाही.) स्टेशनातून बाहेर पडल्यावर मागे वळून छप्पर बघा, २०१४ साली झालेलं आहे. तिथून सरळ लव्हाहाफनला जा. क्यूब घरं (तिरक्या ठोकळ्यांसारखी) आणि मार्क्टहाल (छताखालचा बाजार) सगळ्या यादीत असतातच. मार्क्टहालमध्ये खाऊन घ्या. क्यूब घरं खालूनच बघा, आतला जिना आईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही.

लव्हाहाफन ही जुनी गोदी, शहराच्या मधोमध. सागरी संग्रहालयाने तिथे जुन्या बोटी आणि जुन्या क्रेन धक्क्यावरच ठेवल्यात. बाबा एका क्रेनपाशी थांबले. आधी वर टोकापर्यंत बघितलं, मग दोरखंड, मग खाली हूक. हुकावर तळहात ठेवला आणि आईला हाक मारली. "ती वर केबिन दिसतेय ना? तिथे बसायचो. आमची याहून उंच होती. खाली जहाजाच्या हॅचमध्ये काय चाललंय ते वरून दिसायचं नाही, खालच्या माणसाच्या हातावर नजर ठेवायची." आणि हात करून दाखवले. उचल, थांब, डावीकडे, हळू. रस्त्यावर लोक बघत होते. आई त्या केबिनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पावसाळ्यात आत पाणी यायचं का हो?" लग्नाला ४१ वर्षं झाल्यावर हा प्रश्न.

तिथेच पलीकडे झाडकिन या शिल्पकाराचा १९५३ सालचा ब्राँझचा पुतळा आहे. दोन्ही हात आभाळाकडे आणि धडाच्या जागी भोक. १४ मे १९४० ला जर्मन विमानांनी पाव तासात या शहराचा मध्य संपवला, ८० हजार लोक बेघर झाले. शहर नवंकोरं दिसतं ते त्यामुळे. 'इथे जुनं काही नाही' म्हणणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही याचा मला राग येतो. मी बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, आपलं १४ एप्रिल. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, आत दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या. आजोबा तेव्हा मस्जिद बंदरला हमाली करायचे. जळता कापूस आभाळातून पडत होता, हे बाबांनी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. पुतळ्यापाशी बाबांनी चपला काढल्या.

दुपारी इरॅस्मस पुलाजवळून स्पिडो कंपनीची बोट घ्या, सव्वा तासाची फेरी असते, बसायला जागा असते, आईंचे पाय मोकळे होतील. मात्र खरं मोठं बंदर शहरात नाही, ते समुद्राच्या दिशेने ४० किलोमीटर पसरलंय. म्हणून आम्ही संध्याकाळी मेट्रोने हूक फान हॉलंडला गेलो. शेवटच्या स्टेशनवर उतरलं की समुद्रच. पलीकडच्या काठावर मासव्लाक्टे या बंदराच्या भागातल्या क्रेन रांगेने दिसतात. तिथल्या एका टर्मिनलवर २०१५ पासून क्रेन चालवणारी माणसं दूर ऑफिसात पडद्यासमोर बसतात, वर केबिनमध्ये कोणी नसतं. बाबांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "बरं झालं. कंबर तरी राहील पोरांची." मग बाकावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या, स्टीलच्याच डब्यातून.

तर दादा, आणि तुम्हाला असलं सांगणारे सगळेच: माणसाने जिथे ३३ वर्षं काढली ते त्याला दाखवू नका, हा कुठला न्याय? फुलं आम्ही नंतर बघितली. बाबांनी केउकेनहॉफचा एक फोटो काढला. क्रेनचे ६४.

तुमचे वडील बँकेत किंवा शाळेत असले, तर कदाचित त्यांना हे इतकं भावणार नाही, हेही खरं. मग डेल्फ्टला नेलंत तरी चालेल. सोमवारी संग्रहालय बहुधा बंद असतं, क्रेन मात्र बाहेरूनही दिसतात. गाडीसाठी बँकेच्या कार्डाने चेक-इन करणार असाल तर प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं, एका कार्डावर दोघं जाता येत नाही. परतताना मेट्रोतून स्खीडाम सेंट्रमला उतरून ट्रेन बघा, पुन्हा रॉटरडॅमपर्यंत जायला नको. आणि हूक फान हॉलंडला वारा भयंकर असतो, मे महिन्यातसुद्धा. दोघांच्या कानटोप्या बरोबर ठेवा.