कणसूर म्हणजे बेसूरच का?

प्रश्न असा आहे की गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक 'आवाज छान आहे पण वरचा सा कणसूर लागतोय' असं म्हणतात, तर मग सरळ बेसूर का म्हणत नाहीत, पोरांना वाईट वाटू नये म्हणून का?

नाही हो, दोन्ही वेगळे आहेत. बेसूर म्हणजे सूर सापडलेलाच नाही, पेटी काळी एकची (म्हणजे सा पहिल्या काळ्या पट्टीवर) आणि गाणाऱ्याची स्वारी कुठे भलतीकडेच. कणसूर म्हणजे सुराच्या अगदी जवळ पोचला पण बसला नाही, किंचित चढा नाहीतर किंचित उतरा राहिला. बेसूर कुणालाही कळतो, कणसूर कळायला कान तयार लागतो, आणि माझं विचाराल तर बेसुरा माणूस एक वेळ हसून सोडून देता येतो पण कणसुरं गाणं तासभर ऐकणं म्हणजे शिक्षा.

तंबोरा लावताना बघा. जोडाच्या दोन तारा, म्हणजे एकाच सा वर लावायच्या मधल्या दोन, त्यातली एक सेकंदाला १३८ कंपनांवर आणि दुसरी १४० वर असेल तर आवाज सेकंदाला दोनदा हेलकावतो. तारेतला बारीक मणी सरकवत सरकवत तो हेलकावा थांबला की जोड मिळाला. हा जो दोन कंपनांचा फरक आहे ना, कणसूर म्हणतात तो साधारण एवढ्याशा फरकाला.

आता गंमत म्हणजे या हिशोबाने आपली पेटीच कणसूर आहे. खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची तार नीट लागली की तिच्यातून आपोआप गंधार (ग) ऐकू येतो, पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट). आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली ती १९७१ पर्यंत, त्यामागे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही आणि सूर ठरीव असतात हे आक्षेपही होते. पण पेटीला सहसा कुणी कणसूर म्हणत नाही, कानाला सवय झालीय.

विवादी स्वर मात्र यात घुसडू नका. तो सुरेलच असतो, फक्त त्या रागाचा नसतो, आणि केदार रागात हलकेच कोमल निषाद (नी) लावला तर लोक दादच देतात. तसंच भसाडा, घोगरा, किनरा, चिरका हे सगळे आवाजाच्या जातीचे शब्द, भसाड्या आवाजाचा माणूस पक्का सुरात गाऊ शकतो.

वापरायचं म्हटलं तर 'तो कणसूर गातो', 'निषाद कणसूर लागला' असं सर्रास बोलतात. लिहिताना एवढं बघा, बेसूर, कणसूर यात सू दीर्घ, पण बेसुरा, बेसुरी, कणसुरं यात सु ऱ्हस्व. आणि 'आघाडीत बेसूर' अशी हेडलाईन पेपरात चालते, तिथे कणसूर कुणी लिहीत नाही, राजकारणात एवढा बारीक फरक कोण ऐकतंय.