‘चालणं थांबलं की या’ असं कायद्यात कुठे लिहिलंय?

प्रश्न : माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत शिकतो. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याचा आजार) आहे. घरात भिंत धरून चालतो, पण आठवड्यातून तीन-चारदा पडतो. शाळेत त्याचे वडील पाठीवर घेऊन सोडतात. दोन वर्षांपूर्वीच्या प्रमाणपत्रावर ५५ टक्के दिव्यांगत्व आहे. साहित्यवाटपाच्या शिबिरात बॅटरीवरची व्हीलचेअर मागितली, तर ‘१६ पूर्ण नाहीत, टक्के कमी आहेत, आणि अजून चालतोय की! चालणं थांबलं की या,’ असं सांगितलं. आम्ही थांबायचं का?

उत्तर : ताई, थांबू नका. शिबिरात तुम्हाला तीन कारणं सांगितली. ती वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचं उत्तरही वेगळं आहे.

वयाची अट खरी आहे. दिव्यांगांना साहित्य देणाऱ्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत मोटरवर चालणारी साधनं १६ वर्षांपुढच्यांनाच मिळतात. मला ही अट मनापासून खटकते. डुशेनच्या बहुतेक मुलांचं चालणं त्याआधीच सुटतं, म्हणजे ज्याला खुर्ची सर्वांत आधी लागते तोच बाहेर राहतो. पण शिबिरातल्या कर्मचाऱ्याला ती अट ओलांडता येत नाही, म्हणून तिथे भांडण्यात शक्ती घालवू नका.

एक मात्र लक्षात घ्या. योजना म्हणजे सरकारने साहित्य कसं वाटायचं याचे नियम. तुमच्या मुलाचा हक्क तेवढ्यावर संपत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये शासन आणि स्थानिक प्राधिकरणं यांच्यावर एक स्पष्ट कर्तव्य टाकलं आहे : ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या १८ वर्षांपर्यंत पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि योग्य ती सहायक साधनं मोफत द्यायची. तिथे १६ ची अट नाही. तुमच्या मुलाचे ५५ टक्के आजच पुरेसे आहेत. तेव्हा मागणी शिबिराकडे नको, शाळेमार्फत करा.

समोरून प्रश्न येईल, ‘कायद्यात बॅटरीवरची खुर्ची कुठे लिहिली आहे?’ लिहिलेली नाही, हे खरं. कायद्यात शब्द आहे ‘योग्य’, आणि आपली सगळी बाजू त्या एका शब्दावर उभी राहणार आहे. या मुलासाठी योग्य काय, हे डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं. म्हणून अर्जाआधी न्यूरॉलॉजिस्ट किंवा फिजिओथेरपिस्टकडून सविस्तर पत्र घ्या. नुसतं ‘व्हीलचेअर आवश्यक’ एवढं पुरणार नाही. तो किती वेळा पडतो, पडून हाड मोडलं तर चालणं कायमचं जाण्याचा धोका किती, खांद्यांत किती जोर उरला आहे, हाताने चाकं ढकलायची खुर्ची त्याला का चालणार नाही, पाठीला कसा आधार लागेल आणि हात चांगले असतानाच खुर्ची चालवायला शिकणं का गरजेचं आहे, हे सगळं त्यात यावं. ‘अजून चालतोय की’ याला हेच पत्र उत्तर आहे. तुम्हीही पडण्याची तारीखवार नोंद एका वहीत ठेवायला आजपासून सुरुवात करा.

आणखी एक, कारण यात लोक फसलेले मी पाहिले आहेत. ‘बॅटरीवरचं साधन’ म्हणून अनेकदा तीनचाकी सायकल पुढे केली जाते. ती रस्त्यावर चालवायची असते, वर्गात जात नाही, आणि खांदे दुबळे झालेल्या मुलाला तिचं हँडल झेपत नाही. मिळतंय म्हणून सही करू नका. एकदा साधन घेतल्याची नोंद झाली की पुढची काही वर्षं त्याच योजनेतून दुसरं मागता येत नाही. अर्जात स्पष्ट लिहा : बोटांनी जॉयस्टिक हलवून चालणारी, पाठीला आधार असलेली खुर्ची.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे करा, प्रती गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाला द्या. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकासह पोच घ्या. त्याच अर्जात दिव्यांगांसाठीच्या पाच टक्के निधीचाही उल्लेख करा. आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत सर्वांना स्वउत्पन्नातून हा खर्च करावा लागतो. केंद्राच्या योजनेतली वयाची अट त्या पैशाला आपोआप लागू होत नाही. लहान ग्रामपंचायतीचे पाच टक्के फार होत नाहीत, म्हणून भर जिल्हा परिषदेवर ठेवा.

टक्केवारीचं काम याच्या जोडीने चालू द्या. आजार वाढत जाणारा आहे आणि तुमचं प्रमाणपत्र दोन वर्षं जुनं आहे. जिल्हा रुग्णालयात फेरतपासणीसाठी अर्ज करा. नवी टक्केवारी कमी वाटली, तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. ही मुदत चुकवू नका.

शाळा किंवा जिल्हा परिषद गप्प बसली, किंवा टक्क्यांवर बोट ठेवून नकार दिला, तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. साध्या कागदावर चालते, वकील लागत नाही. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला काय कारवाई केली ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. शिफारस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे, हे आधीच सांगते. तरीही न पाळल्यास उच्च न्यायालयात जाताना तीच तुमच्या बाजूने बोलते. मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या ओम राठोड या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नुसती टक्केवारी बघण्याची पद्धत नाकारली. साधनांच्या मदतीने माणूस काय करू शकतो ते बघा, असा त्या निकालाचा रोख आहे. प्रवेशाचा आणि खुर्चीचा प्रश्न एक नाही, पण कुणी टक्क्यांचा आडोसा घेतला तर त्याला उत्तर म्हणून हा निकाल तक्रारीत जरूर लिहा.

वकिलाच्या खर्चाची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया, मुलं आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तुम्ही आणि तुमचा मुलगा, दोघंही त्यात बसता. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. प्रमाणपत्र, डॉक्टरांचं पत्र, अर्जाची पोच आणि ती वही घेऊन तिथे जा.