अण्णांच्या कानाच्या मशीनसाठी २,६०,००० रुपये द्यावेत का?

नाशिकच्या एका वाचकांनी विचारलं आहे : "माझे जुने स्नेही, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ७३, सिडकोत पत्नीसह राहतात. दोन्ही कानांना ९५ डेसिबलच्या आसपास दोष आहे. शिबिरात मिळालेलं मशीन ड्रॉवरमध्ये पडून आहे. कॉलेज रोडच्या एका सेंटरने तीन जोड्यांचे भाव दिले : २,६०,०००, १,२०,००० आणि ५५,०००. पहिली जोडी लहान, चार्जिंगची, ४८ चॅनेलची. उरलेल्या दोन्ही कानामागच्या, जाड. पहिली घेतली तर १२ हप्ते बिनव्याजी आणि आजच्या आज सूट. अण्णांना महिना २,९०० रुपये पेन्शन आहे, ६ लाख सीनिअर सिटिझन योजनेत आहेत आणि मुलगा ६,००० पाठवतो. ते योजनेतले पैसे काढायला तयार आहेत. मी निवृत्त शिक्षक आहे. माझ्या अडीनडीच्या रकमेला हात न लावता १,५०,००० देऊ शकतो. काय करावं?"

सर, सगळ्यात आधी अण्णांचे ६ लाख तिथेच राहू द्या. ८.२ टक्क्यांनी त्यांचे वर्षाला ४९,२०० येतात, म्हणजे महिन्याला ४,१००. पेन्शनपेक्षा ही रक्कम मोठी आहे. यातले २ लाख गेले तर महिन्याचे सुमारे १,३७० रुपये कमी होतील, आणि सत्तरी ओलांडलेल्या जोडप्याच्या घरात ही रक्कम म्हणजे औषधांचा खर्च. शिवाय या योजनेत मधूनच थोडे पैसे काढता येत नाहीत, खातं बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटून गेली असतील तर ठेवीच्या १ टक्का कपात होते, इथे ६,००० रुपये. कानाच्या मशीनसाठी ही मोडतोड करायची गरज मला दिसत नाही.

आता त्या २,६०,००० च्या जोडीबद्दल. माझा व्यवसाय पैशांचा आहे, कानाचा नाही. तरी अशा प्रकरणांत मी आधी एकच गोष्ट मागतो : मशीनच्या माहितीपत्रकातला तो आलेख, ज्यात हे मशीन किती डेसिबलपर्यंतच्या दोषाला पुरतं ते दाखवलेलं असतं. अण्णांचा ऑडिओग्राम, म्हणजे त्यांच्या ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, त्यावर ठेवा. अण्णांचे बिंदू त्या पट्ट्याच्या बाहेर किंवा अगदी काठावर असतील, तर चॅनेल, म्हणजे आवाज जुळवायचे वेगवेगळे पट्टे, ४८ असोत की १००, उपयोग नाही. वयाबरोबर ऐकू येणं अजून थोडं कमी होईल, त्यासाठी वर जागा शिल्लक हवी. ९० च्या पुढच्या दोषाला बहुतेक वेळा कानामागचं सुपर पॉवर मशीन आणि कानाच्या मापाने घट्ट बनवलेला साचा लागतो. लहान मशीनची मऊ टोपी कानात सैल बसते, आवाज बाहेर गळतो आणि मशीन शिट्टी मारू लागतं. मग शिट्टी थांबवायला आवाज कमी केला जातो, आणि अण्णांना पुन्हा काहीच कळत नाही. शिबिरातलं मशीन ड्रॉवरमध्ये का गेलं, हे त्यांना विचाराच. उत्तर शिट्टी हेच निघालं तर ते मशीनसुद्धा साचा बदलून एकदा तपासून घ्या.

महाग मशीनच्या किमतीत गोंगाट कमी करणं, मोबाइलला जोडणं असल्या सोयी असतात. मध्यम दोषाला त्यांचा फायदा होतो. पण इतक्या तीव्र दोषात आतल्या कानातल्या पेशीच मोठ्या प्रमाणात गेलेल्या असतात. आवाज मोठा करता येतो, शब्द स्पष्ट होतीलच असं नाही. म्हणून पैसे ठरवायचे ते शब्दांच्या चाचणीवर. ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाने, तोंड झाकून मराठी शब्द म्हणायचे आणि अण्णांनी ते परत सांगायचे. ५५,००० च्या जोडीवर किती शब्द बरोबर आले, १,२०,००० वर किती, हे कागदावर लिहून घ्या. प्रत्येक कानाची वेगळी चाचणी करायला सांगा. एका कानाला शब्द अजिबात कळत नसतील तर त्या कानाच्या मशीनचे पैसे वाया जातील. सोबत वहिनींना न्या, कारण घरात त्यांचाच आवाज अण्णांना सर्वांत जास्त ऐकायचा आहे.

चाचणीत दोन्ही जोड्यांचे आकडे जवळजवळ सारखे आले तर मी ५५,००० ची घेईन आणि वाचलेल्या पैशांतून वेगळा माइक घेईन, जो बोलणाऱ्याच्या शर्टाला लावतात आणि जो आवाज थेट मशीनमध्ये पाठवतो. तीव्र दोषात अंतर आणि गलका हेच खरे शत्रू असतात, आणि त्यावर या माइकइतका उपाय महागड्या मशीनमध्येही नसतो. फक्त ती स्वस्त जोडी त्या माइकला जोडता येते ना, हे घेण्याआधी विचारा. जोडता येत नसेल आणि १,२०,००० ची जोडता येत असेल, तर तेवढ्या एका कारणासाठी जास्त पैसे देणं मला पटेल.

आणि पैसे खर्च न करता आजच करण्यासारखं एक काम : अँड्रॉइड फोनवर गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब फुकट मिळतं, मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं. डॉक्टरकडे किंवा बँकेत त्याची मोठी मदत होते.

सगळ्यात चांगलं बसवलेलं मशीन लावूनही निम्मे शब्दसुद्धा येत नसतील तर मशीनची खरेदी तिथेच थांबवा आणि कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या उपकरणाबद्दल, कान-नाक-घसा तज्ज्ञांशी बोला. त्र्याहत्तरी त्याच्या आड येत नाही, तब्येत पाहिली जाते. खर्च एका कानाला काही लाखांत जातो आणि नंतर महिनोन्‌महिने सराव लागतो, त्यामुळे तो निर्णय मुलाला सोबत घेऊनच व्हावा. दुसरं मत हवं असेल तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. ती केंद्र सरकारची आहे, तिथे तुम्हाला कुणी मशीन विकायला बसलेलं नाही. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून पुढे लोकलने जाता येतं.

बिनव्याजी हप्त्यांना नाही म्हणा. हप्ते सुरू झाले की मशीन परत करणं गुंतागुंतीचं होतं आणि रोखीत मिळाली असती ती सूट बहुतेक वेळा हप्त्यांत गडप होते. "आजच्या आज" म्हणणाऱ्याला सांगा, आधी ट्रायल आणि परतीची अट लिहून द्या. शिवाय दोन गोष्टी विचारा. पहिल्या वर्षातली सगळी जुळवणी या किमतीत आहे का, आणि उद्या तुम्ही सेंटर बंद केलंत तर दुसरा ऑडिओलॉजिस्ट हे मशीन जुळवू शकेल का? काही मशीन त्याच दुकानाच्या सॉफ्टवेअरला बांधलेली असतात, मग गिऱ्हाईकही बांधलं जातं. कानाच्या मशीनवर जीएसटी शून्य आहे. बिलात मशीनवर तो दिसला तर हटकून विचारा.

मदत मिळण्यासारखी आहे, पण लहान. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील व्यक्तीला, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असेल तर, ३,००० रुपये एकदा मिळतात. अण्णांचं उत्पन्न त्यात बसण्यासारखं आहे. साच्यांचा खर्च निघेल. दोन्ही कानांना ७० डेसिबलहून जास्त दोष असल्याने कायद्याने ते दिव्यांग ठरतात, तेव्हा त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, करून घ्या. सेंटरवाले दिव्यांगांसाठीची आयकर सवलत दाखवतील. अण्णांना मुळात करच लागत नाही, त्यामुळे तिचा त्यांना फायदा नाही. तुम्हालाही ती मिळणार नाही, कारण मित्र हा कायद्याने अवलंबित नातेवाईक होत नाही. याच कारणाने तुमची मदत अण्णांच्या खात्यात टाकू नका. नात्याबाहेरच्या माणसाकडून वर्षाला ५०,००० च्या वर आलेली रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. तुम्ही थेट सेंटरला चेक द्या, बिल मात्र अण्णांच्या नावाने घ्या.

तुमचे १,५०,००० कसे वाटायचे? मी सुरुवातीला १,१०,००० च्या वर जाणार नाही, माइक धरून. जोडी १,२०,००० ची ठरली तर फरक अण्णांना त्यांच्या बचत खात्यातून घालू द्या. त्यांना ते हवंसं वाटेल, आणि स्वतःचे पैसे घातलेलं मशीन ते वापरतीलही. उरलेले ४०,००० पुढच्या पाच वर्षांसाठी ठेवा. सुपर पॉवर मशीनला मोठा ६७५ नंबरचा सेल लागतो. एक सेल दोन आठवडे धरला तर दोन कानांना वर्षाला पन्नासेक लागतील, आणि चाळीस-पन्नास रुपयांनी वर्षाचे दोन-अडीच हजार. साचे दर वर्षा-दोन वर्षांनी सैल होतात. वॉरंटी संपली की दुरुस्ती आलीच. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून सुकवायची डबी लागते. हे ४०,००० तुमच्याच नावावर वेगळ्या एफडीत राहू द्या, आणि अण्णांच्या मुलाला आत्ताच फोन करून सांगा की तिसऱ्या वर्षापासून सेल आणि साचे त्याच्याकडे.