अंगावर पित्त उठलेलं नाही, तरी खाज पित्ताचीच

प्रश्न : डॉक्टर, मला चौतिसावा आठवडा लागलाय. पहिलंच बाळंतपण, म्हणून महिन्यापूर्वी माहेरी आले. पंधरा दिवसांपासून तळहात आणि तळपाय इतके खाजतात की रात्री दोन-अडीचला मोरीत जाऊन नळाखाली पाय धरून बसते. अंगावर पुरळ नाही, काही दिसत नाही, त्यामुळे कुणाला खरंही वाटत नाही. आई म्हणते उष्णता आहे. सासूबाई फोनवर म्हणाल्या, बाळाला जावळ भरपूर असणार, म्हणून खाज सुटते. इथल्या डॉक्टरांनी लोशन आणि रात्रीची एक गोळी दिली. दहा दिवसांपूर्वी लिव्हरची तपासणी केली. सगळं नॉर्मल, फक्त त्यातलं अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम वाढलेलं. काल कंगव्याने तळपाय खाजवले तर रक्त आलं. अजून सहा आठवडे कसे काढू?
(एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : तुझं पत्र अंकात छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. संपादकांकडून नंबर मागवून मी त्याच संध्याकाळी तुला फोन केला. इथे तुझ्या परवानगीने लिहितेय ते तुझ्यासारखीच आणखी कुणी रात्री मोरीत बसत असेल तर तिच्यासाठी.

आपण मराठी माणसांनी ‘पित्त’ या शब्दाला फार राबवलंय. आंबट ढेकर आली की पित्त झालं, गांध्या आल्या की पित्त उठलं, डोकं दुखलं तरी पित्तच. आणि जिथे खरोखर पित्ताची भानगड असते तिथे मात्र कुणाला त्याची आठवण होत नाही. यकृतात तयार होणारा पित्तरस आतड्यात उतरायला हवा. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत संप्रेरकं खूप वाढतात, आणि काहीजणींच्या यकृताला ती झेपत नाहीत. पित्त वाहायचं मंदावतं, त्यातली आम्लं रक्तात साठतात, आणि अंगावर एक ठिपकाही न उठता खाज सुटते. तळहात, तळपाय, आणि रात्री जास्त. वरून दिसतात ते फक्त खाजवल्याचे ओरखडे. इंग्लंडमधल्या आकड्यांत हा त्रास हजारात साधारण ७ गर्भवतींना होतो, पण तिथल्याच भारतीय-पाकिस्तानी वंशाच्या बायकांत हजारात १२ ते १५ जणींना. म्हणजे आपल्याला हे परकं दुखणं नाही.

आता तुझा रिपोर्ट. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं बघून तू घाबरलीस, पण ते वारेतही (प्लॅसेंटात) तयार होतं, त्यामुळे या दिवसांत ते सगळ्यांचंच वाढतं. त्याच्याकडे बघू नकोस. खरी फसगत ‘नॉर्मल’ या शब्दाने केली. खाज आधी सुटते आणि रक्तात बिघाड कधीकधी आठवड्या-दोन आठवड्यांनी दिसतो. खाज चालू असेल तर एकदा नॉर्मल आलेली तपासणी पुन्हा करायची, आणि लिव्हरच्या तपासणीसोबत ‘सीरम बाइल अ‍ॅसिड्स’ ही रक्तातली पित्ताची आम्लं मोजणारी तपासणी नाव घेऊन मागायची. लहान गावात ती होत नाही, पण रक्त घेऊन पुण्या-मुंबईच्या लॅबला पाठवतात. तुझं तसंच केलं. पित्ताच्या आम्लांचा आकडा आला ४६, आणि यकृतावर ताण आला की वाढणारं एसजीपीटी, जे दहा दिवसांपूर्वी नॉर्मल होतं, ते १३८.

आम्लांच्या या आकड्यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. १९च्या खाली असेल तर बहुधा नुसतीच खाज. ४०च्या खाली सौम्य. ४० ते ९९ मधलं, यात तू आहेस. १००च्या वर गेलं तर बाळ पोटातच दगावण्याची भीती खरोखर वाढते, म्हणून तेव्हा पस्तिसाव्या-छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळंतपण उरकण्याचा विचार करतात. तुझ्यासारखीला अडतीस-एकोणचाळीसपर्यंत थांबता येतं, अर्थात बीपी, साखर किंवा जुळी असलं काही सोबत नसेल तर. तू ‘सहा आठवडे’ लिहिलंस. ते बहुतेक चारच निघतील. मधल्या काळात रक्त पुन्हा तपासायचं, कारण हा आकडा एका जागी बसून राहत नाही. पट्टा लावून घेतलेली बाळाच्या ठोक्यांची तपासणी आज चांगली आली म्हणून पुढच्या आठवड्याची हमी मिळत नाही. बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र सकाळची वाट न बघता त्याच रात्री निघायचं.

मीही चुकलेय. १९९६ साली, तालुक्याच्या गावी दवाखाना टाकून दोन वर्षं झाली होती. आठव्या महिन्यातली एक शिक्षिका अशीच तक्रार घेऊन आली. अंगावर काही दिसेना. मी कॅलामाइन दिलं आणि वर ‘खाजवू नका’ हा सल्लाही दिला. आठ दिवसांनी ती परत आली तेव्हा लघवी चहासारखी आणि डोळ्यांत पिवळी झाक. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप राहिली, यात माझं कर्तृत्व काही नाही. ‘खाजवू नका’ हे मी त्यानंतर कुणाला सांगितलेलं नाही. ते सांगणाऱ्याला अशी खाज कधी सुटलेली नसते.

मग रात्र काढायची कशी? तू पाय नळाखाली धरतेस ते अगदी बरोबर आहे. गारव्याने खाज तात्पुरती दबते. दोन जुने सुती मोजे ओले करून, पिळून फ्रीजमध्ये ठेव आणि झोपताना पायात घाल. मेन्थॉलचं क्रीम डॉक्टरांना विचारून घे आणि तेही फ्रीजमध्येच ठेव. नखं अगदी बारीक काप, कंगवा आईकडे देऊन टाक. खाजवल्याशिवाय राहवेनाच तर तळहाताने दाबून चोळ. आई कडुलिंबाचा पाला घालून कढत पाण्याने आंघोळ घालते, असं तू फोनवर म्हणालीस. पाल्याला माझी हरकत नाही, कढत पाण्याला आहे. रात्रीची गोळी थोडी झोप आणते, पित्ताला काही करत नाही. पित्त वाहतं राहावं म्हणून तुला आता सुरू केलेल्या अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडबद्दलही खरं ते सांगते. २०१९ साली ब्रिटनमध्ये सहाशेच्या वर गर्भवतींवर त्याची नीट चाचणी झाली. बाळाचा धोका कमी होतो असं दिसलं नाही, खाज थोडीशीच कमी झाली. तुला उतार पडला तर घेत राहा, पण गोळी चालू आहे म्हणून रक्ततपासणी चुकवू नकोस.

आईने तूप बंद केलंय, ते सुरू करायला सांग. या खाजेला पथ्य लागत नाही आणि तुला ताकद हवी आहे. काविळीचं झाडपाल्याचं औषध मात्र कुणी कितीही खात्रीचं म्हणून आणलं तरी पोटात घ्यायचं नाही. आधीच दमलेल्या यकृतावर आणखी बोजा कशाला? ताप, उलट्या आणि पिवळे डोळे असं एकत्र दिसलं तर ते वेगळंच दुखणं असू शकतं, तेव्हा थेट मोठं हॉस्पिटल. शौचाला पांढुरकं, तेलकट होत असेल तर तेही डॉक्टरांना सांग, रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्व द्यावं लागू शकतं.

बाळंतपणानंतर ही खाज बहुतेकींची काही दिवसांतच जाते. तरी सव्वा महिन्याला लिव्हर पुन्हा तपासून घे. पुढच्या खेपेला हा त्रास परत होण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा नाव नोंदवतानाच सांगायचं. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेण्याआधीही सांगायचं, कारण काहींत तेच संप्रेरक असतं. आणि सासूबाईंना म्हणावं, जावळ असेल-नसेल, बारशाला बघूच.

प्रश्न : माझ्या सुनेला जुळी आहेत, नववा लागलाय. पोटावर जिथे कातडी ताणून रेघा पडल्यात तिथे लाल गांध्या उठल्यात, आता मांड्यांवरही उतरल्यात. खूप खाजतं. आमसुलाचं पाणी लावू का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ताई, आधी एक बघा. बेंबी आणि तिच्याभोवतीची जागा मोकळी आहे का? असेल तर ही पोट ताणल्याने उठणारी पुरळ असावी. पहिलटकरणींत आणि जुळ्यांत ती जास्त दिसते, बाळांना तिचा त्रास नसतो आणि बाळंतपणानंतर जाते. उलट बेंबीपासूनच सुरू झाली असेल, पाणी भरलेले फोड असतील, तर आमसूल बाजूला ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना आजच दाखवा. नुसत्या गांध्यांवर आमसुलाचं गार पाणी लावायला माझी ना नाही, पण खाजवून सोललेल्या जागी लावलंत तर पोरगी ओरडेल. मेडिकलवाल्याने दिलेली ‘खाजेची ट्यूब’ परस्पर लावू नका, त्यात बहुधा जोरकस स्टिरॉइड असतं. आणि तिला विचारा, रात्री तळहात-तळपाय खाजतात का? ‘हो’ म्हणाली तर वरचं उत्तर तिच्यासाठीही आहे. जुळ्यांत ते जास्त होतं, आणि तारीख ठरवताना तिच्या डॉक्टरांना ते माहीत असायला हवं.