दाढीच्या ब्लेडवरचा टेफ्लॉन

मागे नॉनस्टिक तव्यांवरच्या टेफ्लॉनच्या थराबद्दल लिहिलं, तर पत्रं आली दाढीच्या ब्लेडची. त्यातली चार घेतो.

प्र. तवा काढून टाकला. आता ऐकतो की ब्लेडवरही टेफ्लॉन असतो. खरं का? (मानेवाडा)

उ. खरं आहे. 1960 च्या दशकापासून स्टेनलेस ब्लेडच्या धारेवर पीटीएफईचा (टेफ्लॉन म्हणतो त्या पदार्थाचं रासायनिक नाव) थर देतात. नुसतं पोलाद केसाला ओढतं, थर असला की धार सरकते. हा थर एका मायक्रोनहूनही पातळ असतो आणि तव्यासारखा तापत नाही, त्यामुळे तब्येतीच्या धास्तीनं ब्लेड बदलावं असं मला वाटत नाही. पण या रसायनांच्या कारखान्यांनी पाणी-माती नासवली. पूर्वी पीटीएफई बनवताना वापरलं जाणारं पीएफओए तर 2019 साली स्टॉकहोम कराराच्या (टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) बंदी-यादीत गेलं. त्यापायी नको म्हणत असाल, तर तुमचं पटतं.

प्र. पाकिटावर 'प्लॅटिनम' किंवा 'क्रोमियम' पाहून घेतलं तर? (इतवारी)

उ. फसाल. ते धातूचे थर. त्यांच्यावर पुन्हा पीटीएफई असू शकतो. कार्बन स्टीलचं ब्लेड बिनथराचंच असेल, हेही गृहीत धरू नका. दुकानदाराला भाव ठाऊक असतो, थर नाही. कंपनीला लेखी विचारा, पण शब्द नीट वापरा: "धारेवर पीटीएफई किंवा दुसरं कुठलं फ्लोरोपॉलिमर आहे का?" (फ्लोरोपॉलिमर म्हणजे पीटीएफईच्या जातीचं प्लास्टिक.) 'टेफ्लॉन' आहे का असं विचाराल तर 'नाही' येईल आणि ते खोटंही नसेल, कारण टेफ्लॉन हे व्यापारी नाव आहे.

प्र. गॅसवर धरून थर जाळता येईल? (नंदनवन)

उ. बाप्पा, असं करू नका! पीटीएफई 327 अंशांना वितळतं. त्याच्या बरंच पुढे तापलं की विषारी धूर निघतो. पिंजऱ्यातला पोपट त्यानं मरू शकतो. शिवाय ब्लेडचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं ते वेगळंच. उकळूनही थर जात नाही.

प्र. सलूनमधला वस्तरा चालेल? (महाल)

उ. हल्लीचा वस्तरा म्हणजे अर्धं ब्लेड बसवायची मूठ. ब्लेड तेच, थरही तोच. बिनथराचा हवा तर आजोबांच्या काळचा अखंड पात्याचा. तो दर दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा लागतो आणि अधूनमधून दगडावर लावावा लागतो. मे महिन्यात नागपुरात तो सुखरूप राहतो, पण पावसाळ्यात ओला ठेवलात की गंजाचे ठिपके आलेच. पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब लावा. पहिले काही दिवस फक्त गालावर चालवा. हनुवटी हात बसल्यावर, आणि लग्नाला जायच्या सकाळी तर मुळीच नाही.