पगार तोच आहे, मग गरीब का वाटतं?

"मॅडम, घरात कमी काही नाही. तरी हल्ली आपण गरीब आहोत असं सारखं वाटतं." इंदुरात हे मी वरचेवर ऐकते, आणि तेही खाऊनपिऊन सुखी घरांतून. एका ताईंची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सुदामानगरात छोटं पण स्वतःचं घर, यजमानांची पक्की नोकरी, मुलगा कॉलेजात. आधी मी त्यांना महिन्याचा जमाखर्च लिहायला लावला. हे मी प्रत्येकाला सांगते. खरीच ओढाताण असेल तर तिला मनाचे खेळ म्हणणं अन्याय आहे. तिथे हप्ते आणि फी यांवरच बोलावं लागतं. ताईंकडे मात्र महिनाअखेर थोडी शिल्लक राहत होती.

कधीपासून असं वाटतं, विचारलं. "संक्रांतीपासून," त्या म्हणाल्या. त्यांच्या भिशीतल्या तिघीचौघी विजयनगरकडे मोठ्या फ्लॅटमध्ये गेल्या. पूर्वी वाण म्हणजे चहाची गाळणी, स्टीलची वाटी. यंदा एकीने चांदीचं नाणं दिलं, दुसरीने त्यावर ताण केली. ताईंनी आणलेल्या गाळण्या पिशवीतच राहिल्या. तब्येतीचं कारण सांगून हळदीकुंकू टाळलं, पुढे भिशीही सोडली.

अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने 1776 मध्ये लिहून ठेवलंय की लिननचा सदरा जगायला लागत नाही, पण त्याच्या काळच्या युरोपात तो अंगावर नसेल तर रोजंदारीवरच्या मजुरालाही चारचौघांत जायची लाज वाटे. म्हणजे गरिबी नुसती खिशात मोजत नाहीत, चारचौघांत मोजतात. आणि हे चारचौघे कोण? लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलं की माणूस स्वतःला आपल्यासारख्यांशीच ताडून पाहतो. शहरातल्या बड्या शेठजींमुळे ताईंना कधी कमीपणा वाटला नाही. बरोबरीची मैत्रीण पुढे गेली, तेव्हा वाटला.

म्हणून "समाधान माना" हा सल्ला मी देत नाही. त्यांची टोचणी हावेची नव्हतीच. घेतलं तेवढं परत देता येत नाही, ही ती टोचणी. आणि लाजेने माणसं तोडली की खरंच काहीतरी कमी होतं. त्याच काळात यजमानांना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, तर फोन कुणाला करावा हेच ताईंना सुचेना. भिशी सोडल्याचं नुकसान मला तिथे दिसलं.

त्या सगळ्यांत खरं कुणाला सांगता येईल, एवढंच मी विचारलं. एक जुनी शेजारीण निघाली. ताईंनी तिला सांगितलं, "तुमच्यासारखं वाण मला झेपत नाही गं, म्हणून आले नाही." ती आधी दुखावली. "मग बोलायचं तरी!" म्हणाली. आठवड्याने स्वतःच घरी आली. दुसऱ्या एकीने मात्र अजून फोन केलेला नाही, आणि तो येईल असं मी ताईंना सांगितलेलं नाही. चैत्रात त्यांनी गल्लीतल्या बायकांना डाळ-पन्ह्याला बोलावलं. त्यांतल्या काहींबरोबर कमी हप्त्याची नवी भिशी सुरू झाली आहे.

सहलींचे फोटो मोबाइलवर आले की ताईंना अजून टोचतं. दिवाळीनंतर नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. आहेराचा आकडा यजमानांशी बोलून आधीच ठरवायचा आणि चार दिवस आधी कामाला जायचं, एवढं सध्या ठरलं आहे.