कापडाचं मॉडेल, करिअरचा ताणा

प्रश्न : मी कळव्यात राहते, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विणलेल्या कार्बन कापडाच्या कंपोझिटची (राळेत घट्ट बसवलेल्या कापडाची) ताकद कॉम्प्युटर मॉडेलवरून आधीच काढायची, असा प्रोजेक्ट घ्यायचा विचार आहे. बाबा भिवंडीत पॉवरलूमवर आहेत. ते म्हणतात, "कापडातून बाहेर पडावीस म्हणून शिकवलं, तर पुन्हा कापडच?" मैत्रिणी आयटीकडे चालल्यात. यात नोकरी आहे का?

उत्तर : बाबांचं म्हणणं कळतं, पण मी त्यांच्या बाजूने नाही. याच कापडाची त्रिमितीय विणलेली आवृत्ती आज लीप विमान इंजिनांच्या पंख्याच्या पात्यांत आहे. शिवाय उभा धागा आडव्यावरून वर-खाली जातो तेव्हा त्याला बाक येतो, हे तुला घरीच विचारता येईल. तुझ्या मॉडेलचा सगळा जीव त्या बाकात आहे. धागा सरळ नसल्याने त्याचा ताठरपणा पूर्ण मिळत नाही.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर हिशोब कर. कार्बन तंतूचा ताठरपणा साधारण 230 गिगापास्कल, इपॉक्सी राळेचा जेमतेम 3. आकारमानात निम्मे तंतू धर. साध्या विणीत त्यातले निम्मेच तुझ्या दिशेने. म्हणजे सत्तावन्नच्या आसपास, राळ आणि आडवे धागे मिळून थोडं वर. बाकामुळे उत्तर त्याहून खाली यायला हवं. स्क्रीनवर 120 दिसले, तर चित्र कितीही रंगीत असो, मॉडेलमध्ये कुठेतरी चुकलंय : बहुधा धाग्यांच्या दिशा, नाहीतर सीमेवरच्या अटी, म्हणजे कडा कशा धरल्या-ओढल्या ते. मुलाखत घ्यायला मी असतो तर हाच कागद मागितला असता.

ताठरपणा बऱ्यापैकी नेमका सांगता येतो. तुटण्याचा भार सांगणं फार अवघड, कारण राळेतली पोकळी, थरांचं एकमेकांत बसणं, धाग्याभोवती पडणारी भेग, सगळं त्यात येतं. म्हणून एका वर्षाच्या प्रोजेक्टला ताठरपणाच पुरे. विणीची भूमिती काढायला नॉटिंगहॅम विद्यापीठाचं टेक्सजेन आणि त्यावरचं गणित सोडवायला कॅल्क्युलिक्स, दोन्ही फुकट आहेत. महागडं लायसन्स नाही, ही सबब चालणार नाही. थोडे नमुने स्वतः बनवून कॉलेजच्या यूटीएमवर (नमुना ओढून तपासायच्या यंत्रावर) ओढ, काही सरळ आणि काही 45 अंशांत कापलेले. दोन्हींतला फरक बघितलास की पुस्तकातलं निम्मं प्रकरण कळेल.

आता नोकरी. ठाणे-नवी मुंबईत नेमक्या याच कामाच्या जागा थोड्या. जाहिरातीत 'सीएई अॅनालिस्ट' (कॉम्प्युटरवर भागांची तपासणी करणारा) किंवा 'स्ट्रेस इंजिनीअर' लिहिलेलं असतं, आणि त्यासाठी पुणे-बंगळूरची तयारी ठेवावी लागते. कंपोझिटमध्येच राहायचं तर बीईवर थांबू नकोस, एम.टेकच्या प्रवेशासाठी गेट परीक्षा दे. आयआयटी मुंबईचा एरोस्पेस विभाग पवईत आहे, म्हणजे तुझ्यासाठी रोज ये-जा करण्याइतका जवळ. विणकाम समजून घ्यायला माटुंग्याच्या व्हीजेटीआयचा टेक्सटाइल विभागही आहे.

आयटीच्या प्लेसमेंटला जरूर बस, त्यात काही बिघडत नाही. घरची गरज तुलाच माहीत. पायथन मात्र आत्ताच शिकायला घे. टेक्सजेन त्यातून चालवता येतं, आणि आयटीवालेही तेच विचारतात.